दोन शेगड्या, चार खोल्या

लहान स्वयंपाकघराची अडचण दोन प्रकारची असते. एक जागेची : ओटा पुरत नाही, डब्यांना फळी नाही, वळायला वाव नाही. दुसरी विस्तवाची : शिजवायचे चार पदार्थ आणि शेगड्या दोनच. एका कुटुंबाच्या घरात पहिली अडचण डोळ्यांत भरते. तेच स्वयंपाकघर चार बिऱ्हाडांनी मिळून वापरायचे ठरले, की दुसरी पुढे येते. महाराष्ट्रातल्या हजारो कुटुंबांना हा दुसरा प्रकार आयुष्यात एकदा भेटत आला, तो मक्केच्या अल अझीझिया भागात, हजच्या मुक्कामात.

अझीझिया नावाच्या वस्त्या जेद्दा आणि रियाध इथेही आहेत. मक्केतली अझीझिया हरम शरीफ, म्हणजे काबा असलेली मशीद, आणि मिना, म्हणजे हजच्या तंबूंची वस्ती, यांच्या मधल्या पट्ट्यात येते. भारतीय हज कमिटीमार्फत जाणाऱ्या यात्रेकरूंचा मुक्काम मुख्यतः इथल्या भाड्याच्या इमारतींत असतो. २०२४ साली भारताचा कोटा १,७५,०२५ होता. त्यातल्या १,४०,०२० जागा हज कमिटीकडे होत्या. कमिटीचे काम मुंबईच्या हज हाउसमधून चालते. २०२४ मध्ये महाराष्ट्रातले यात्रेकरू मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथून विमानात बसले आणि सगळा प्रवास धरून सुमारे चाळीस दिवसांनी परतले.

हरमजवळच्या मुक्कामाचा वर्ग पूर्वी वेगळा असे आणि तिथे स्वयंपाकाला मनाई असे. अझीझियात मात्र काही खोल्यांना मिळून एक स्वयंपाकघर अशी सोय बरीच वर्षे होती. नियम वर्षागणिक आणि इमारतीगणिक बदलतात. कुठे गॅस, कुठे विजेची शेगडी, कुठे चूल पेटवायलाच बंदी आणि बाहेरचा डबा. म्हणून पुढची सगळी चर्चा 'हज कमिटीच्या त्या वर्षीच्या परिपत्रकात परवानगी असेल तर' या अटीवर वाचायची.

या स्वयंपाकघराबद्दल दोन मते ऐकू येतात. एक मत म्हणते, घरून तयारी करून न्या आणि भरून ठेवा. दुसरे म्हणते, काही नेऊ नका, ओटा मोकळा ठेवा, लागेल तसे खालून आणा. खालच्या संवादात ही मते दापोलीकडच्या एका कोकणी मुसलमान घरातल्या दोन जावांच्या तोंडी घातली आहेत. जावा कल्पित आहेत. भरून ठेवण्याच्या बाजूने थोरली बोलते, मोकळे ठेवण्याच्या बाजूने धाकटी.

सामान

थोरली : परक्या मुलखात चाळीस दिवस काढायचे, बाय. बेगमी नको? पावसाळ्याआधी आपण घर भरतोच ना? तांदूळ, डाळ, तिखट, मसाला, आमसुलं, सगळं बांधून घ्यायचं.

धाकटी : भाबी, तुम्ही पावसाळ्याची बेगमी करता, कारण पावसात बाजाराला जाता येत नाही. अझीझियात इमारतीखालीच बकाला. तांदूळ आहे, मसूरडाळ आहे, आटा आहे, दही आहे, लबन आहे. तांदूळ इथून विमानाने न्यायचा आणि तिथं खोलीत पलंगाखाली ठेवायचा, हे कशासाठी?

थोरली : तुझ्या बकालात आपला मसाला मिळतो? कोरडी चटणी मिळते?

बकाला म्हणजे कोपऱ्यावरचे किराणा दुकान. सौदीत राहणाऱ्या मराठी माणसांच्या बोलण्यात हा शब्द आता रुळला आहे. लबन म्हणजे ताकासारखे पेय. भारतीय आणि पाकिस्तानी वस्ती असलेल्या भागांत या दुकानांत रोजच्या स्वयंपाकाचा बहुतेक माल असतो. थोरलीच्या मतामागे मात्र जुना अनुभव आहे. मुंबई ते जेद्दा ही हजची बोट १९९५ पर्यंत चालू होती आणि जुन्या काळी यात्रेकरू शिधा बांधूनच बोटीवर चढत. तेव्हा शिधा नेणे ही गरज होती. विमान आले, सामानाच्या वजनाला मर्यादा आली आणि गरजेचा हिशेब बदलला. सवय मात्र मागे राहिली.

सामान निवडण्याची सोपी कसोटी अशी. तांदूळ, डाळ, साखर, तेल, कांदे हा कच्चा माल आहे. तो जड असतो, तिथे मिळतो आणि नेला तरी शेगडीवर तितकाच वेळ घेतो. भाजलेला, दळलेला, वाळवलेला जिन्नस वेगळा. त्यात घरच्या चुलीवरचा वेळ साठवलेला असतो. भाजून ठेवलेल्या रव्याचा उपमा दहा मिनिटांत होतो. कच्चा रवा आधी तेवढाच वेळ भाजावा लागतो. तळून कुरकुरीत केलेला कांदा डब्यात तयार असेल, तर रश्शाची पंधरा मिनिटे वाचतात. मेतकूट, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याची लसूण चटणी आणि आमसुले यांना विस्तव जवळजवळ लागतच नाही. बेगमी करायची ती या जिन्नसांची. बाकीचे बकालातून आणावे.

एक वस्तू मात्र चुकूनही न्यायची नाही : खसखस. ती अफूच्या झाडाचे बी असल्याने सौदी अरेबियात बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. मालवणी मसाल्यात आणि कित्येक घरांच्या गोड्या मसाल्यात खसखस पडते, हे मसाला बांधताना कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रवासासाठी मसाला वेगळा, खसखस वगळून कुटावा. विकतचा घेतला तर पाकिटावरची घटकांची यादी वाचूनच घ्यावा.

मांडणी

धाकटी : सामान निम्मं झालं, तरी चार खोल्यांचं मिळून किती होईल? प्रत्येकीचा मसाल्याचा डबा, प्रत्येकीची तेलाची बाटली, पोळपाट, लाटणं. ओट्यावर हात टेकायला जागा उरणार नाही.

थोरली : म्हणून काय रोज खोलीतून वाहून आणायचं? आमच्या आजीच्या घरी उतरंड होती. एकावर एक सात मडकी. वर शिंकाळं टांगलेलं. जागा खाली नसेल तर वर असते.

धाकटी : आजीची उतरंड आजीच्या घरात होती, भाबी. तिला हात लावणारी आजी एकटीच. इथं अठरा माणसांचे हात लागणार.

दोघींच्या बोलण्यात वाद एकाच गोष्टीचा दिसतो, पण प्रश्न दोन आहेत. उभी जागा वापरणे हा थोरलीचा मुद्दा कोणत्याही लहान स्वयंपाकघराला लागू पडतो. एकात एक बसणारी पातेली, कुकरच्या आत ठेवलेले डबे, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली सांडशी आणि झारा हे उतरंडीचेच आजचे रूप. कोठार आणि काम करण्याची जागा एकच असावी का, हा धाकटीचा प्रश्न आहे. स्वयंपाकघर सामाईक असेल तर त्याचे उत्तर नकारार्थी येते.

लहान स्वयंपाकघराचा पहिला शास्त्रशुद्ध आराखडा म्हणून 'फ्रँकफर्ट किचन'चे नाव घेतले जाते. ऑस्ट्रियाच्या वास्तुविशारद मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी तो तयार केला. खोली सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. रेल्वेच्या भोजनडब्यातल्या चिंचोळ्या स्वयंपाकघराचा आदर्श समोर ठेवून, प्रत्येक हालचालीला लागणारा वेळ मोजून वस्तूंच्या जागा ठरवल्या होत्या. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसवली गेली. आजच्या ओटा-सिंक-शेगडीच्या मांडणीचे मूळ तिथे आहे. पण तो आराखडा एका बाईने एकटीने काम करावे, असे धरून केलेला होता. दुसरी बाई आत आली की त्याचे गणित बिघडते. अझीझियाच्या स्वयंपाकघरात एका वेळी तिघी-चौघी असतात. तिथे फ्रँकफर्टपेक्षा मुंबईची चाळ जवळची.

१९२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. नळ आणि संडास सामाईक. तिथल्या बायकांनी एक रीत पाळली : वस्तू आपल्या खोलीत, काम सामाईक जागी, आणि काम झाले की वस्तू परत खोलीत. नळावर कोणी हंडा ठेवून गेले तर तो बाजूला सरकवला जाई. अझीझियातही हीच रीत चालते. खोली हे कोठार आणि स्वयंपाकघर हा फक्त ओटा. लागणारे सगळे एका परातीत घालून न्यायचे. हळद, तिखट, मीठ, मसाला एकाच डब्यात, तेल लहान बाटलीत. काम संपले की परात भरून परत. सामाईक जागी कायमच्या राहतील अशा वस्तू मोजक्याच : कुकर, तवा, मोठे पातेले, पोळपाट-लाटणे, भांडी घासायचा साबण आणि कचऱ्याच्या पिशव्या. त्या चार खोल्यांनी वर्गणी काढून एकदाच घेतल्या, तर चार-चार नग जमत नाहीत.

शीतकपाट हाही कोठाराचाच भाग. ते सामाईक असेल तर प्रत्येक खोलीला एक कप्पा आणि प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून खोलीचा क्रमांक व तारीख लिहायची. तारखेचा उपयोग पुढे उरलेल्या अन्नाच्या प्रश्नात कळतो.

शेगडीचे तास

थोरली : ओटा मोकळा झाला, चला. तरी दुपारच्या, जोहरच्या नमाजआधी सगळ्यांनाच चूल हवी. तेव्हा कुणी थांबायचं?

धाकटी : थांबायची वेळ का येते ते आधी मोजू या.

मोजण्यासाठी उदाहरण असे घेऊ. शेगड्या दोन, खोल्या चार, खोलीत चार-पाच माणसे. सकाळी नऊ ते बारा हे तीन तास स्वयंपाकाचे. दोन शेगड्या तीन तास म्हणजे ३६० मिनिटांचा विस्तव. चार खोल्यांत वाटला तर प्रत्येकीला ९० मिनिटे.

आता एका खोलीचा स्वयंपाक. भात २० मिनिटे, डाळ ३०, भाजी २५, वीस चपात्या ३०. बेरीज १०५. प्रत्येक खोलीला १५ मिनिटे कमी पडतात आणि चार खोल्यांचा मिळून एक तास. शेवटची खोली नमाजनंतर जेवते आणि भांडणाचे मूळ तिथे असते. ओटा दुप्पट मोठा केला तरी हा तास भरून निघत नाही, कारण कमतरता जागेची नाही.

आता भात आणि डाळ एकाच कुकरमध्ये, डब्यांवर डबे ठेवून, २५ मिनिटांत. बेरीज ८० होते आणि १० मिनिटे उरतात. 'कुकर लावणे' हा शब्दप्रयोग मराठी घरांत इतका मुरला आहे की त्यामागची युक्ती दिसेनाशी झाली आहे. एका विस्तवावर मजल्यावर मजले चढवायची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे, बंगालमधल्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली 'इकमिक कुकर' त्याच तत्त्वावर बनवला होता. दाबाच्या कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळे पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसवर उकळते आणि डाळ लवकर शिजते. शिट्ट्या झाल्यावर कुकर शेगडीवर ठेवून द्यायचा नाही. तो उचलून चुंबळीवर ठेवावा. आतली वाफ आपले काम करत राहते आणि शेगडी दुसरीला मिळते. घरी या दहा मिनिटांना किंमत नसते. अझीझियात ती दुसऱ्या खोलीची भाजी असते.

थोरली : आणि भाकर? तांदळाची भाकर केल्याशिवाय जेवण झालंसं वाटत नाही.

धाकटी : तांदळाच्या भाकरीला आधी उकड, मग तवा. दोन्ही शेगड्या अडल्या. खाली अफगाणी भट्टीत तमीस मिळतो, खुब्ज मिळतो. भाकर शुक्रवारी, जुम्याला करू, सगळ्यांसाठी.

तमीस ही तंदूरमध्ये भाजलेली मोठी, पातळ रोटी, आणि खुब्ज ही अरबी रोटी. मक्का-जेद्दा भागात सकाळी तमीस 'फूल'बरोबर, म्हणजे उकडलेल्या बाकला शेंगेच्या दाण्यांबरोबर, खाल्ली जाते. रोटी विकत आणली तर वरच्या हिशेबातली चपातीची ३० मिनिटे गळतात आणि बेरीज ५० वर येते. चारपैकी दोन खोल्यांनी जरी रोज आळीपाळीने रोटी बाहेरून आणली, तरी चौघींना सवड मिळते. भिजवण्याचेही तसेच. हरभरे, राजमा, मटकी रात्री खोलीतच भिजत घातली की सकाळचा विस्तव वाचतो. या कामाला ओटा लागत नाही, शेगडीही नाही, फक्त आदल्या रात्री आठवण लागते.

वीज

पुष्कळ यात्रेकरू चहापुरती विजेची किटली बरोबर नेतात. तिथे भारतातल्या सवयीने फसगत होते. सौदी अरेबियात जुन्या वायरिंगच्या इमारतींत भिंतीवरच्या काही सॉकेटना १२७ व्होल्टची वीज असते, काहींना २२० ची. देशभर २३० व्होल्ट करण्याचे काम टप्प्याटप्प्याने चालू आहे. सॉकेटचा आकारही इमारतीप्रमाणे वेगळा असतो आणि बहुतेक ठिकाणी ब्रिटिश पद्धतीच्या चौकोनी तीन पिनांचा प्लग लागतो.

थोरली : आपली किटली लावली तर तासभर पाणी गरमच होत नाही, असं ऐकलं होतं. किटली बिघडली म्हणून फेकून देतात.

धाकटी : किटली बिघडलेली नसते. सॉकेट अर्धं असतं.

तापणाऱ्या उपकरणाची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३० व्होल्टवर १,००० वॉटची किटली १२७ व्होल्टवर सुमारे ३०५ वॉटचीच राहते. एक लिटर पाणी तीस अंशांवरून उकळायला १,००० वॉटला साधारण पाच मिनिटे लागतात, ३०५ वॉटला सोळा. उष्णता बाहेर जाते ती धरली तर आणखी जास्त. उलट १२७ व्होल्टसाठी केलेले उपकरण २२० वर लावले तर ते जळते. म्हणून खोलीत शिरताच कोणत्या सॉकेटला किती व्होल्ट आहेत हे इमारतीच्या माणसाला विचारून तिथे चिठ्ठी चिकटवणे हे पहिल्या दिवसाचे काम. खोलीत किटली वापरायला परवानगी असेल आणि ती नीट चालत असेल, तर चार खोल्यांचा दिवसातून तीन वेळचा चहा स्वयंपाकघराबाहेर जातो. शेगडीचा मोठा मोकळा वेळ इथे हाती लागतो.

पाळी की एकत्र

थोरली : एवढे हिशेब करण्यापेक्षा चारी खोल्यांचं एकत्रच शिजवू. एक मोठं पातेलं. लग्नघरात दोनशे माणसांचं होतं, अठरांचं होणार नाही?

धाकटी : लग्नघर एक दिवसाचं, भाबी. चाळीस दिवसांत कुणाला साखरेचं दुखणं, कुणाला मीठ वर्ज्य, नागपूरच्या मंडळींना तिखट हवं, आपल्याला खोबरं. शिवाय पैशाचा हिशेब. आज आमची कोंबडी, उद्या तुमची नुसती डाळ. इबादतीला आलो आणि कोंबडीवरून रुसलो, असं नको.

थोरली : मग चार चुली मांडायच्या?

धाकटी : चार फोडण्या करायच्या.

या प्रश्नावर दोन्ही टोकांची उदाहरणे आहेत. एकत्र शिजवण्यात विस्तव वाचतो, कारण अठरा माणसांच्या डाळीला पाच माणसांच्या डाळीच्या चौपट वेळ लागत नाही. वेगळे शिजवण्यात पथ्य, चव आणि पैसा यांचा गुंता टळतो. मराठी स्वयंपाकाची घडणच अशी आहे की दोन्ही फायदे एकत्र घेता येतात. साधी शिजवलेली डाळ आणि मोकळा भात यांना घराण्याची ओळख नसते. ती येते फोडणीतून आणि वाटणातून. तेव्हा जास्त वेळ खाणारा भाग, म्हणजे भात आणि बिनफोडणीची डाळ, दोन-दोन खोल्यांनी मिळून शिजवायचा. मग प्रत्येकीने आपल्या वाट्याच्या डाळीला आपली फोडणी द्यायची. कोणी लसूण-मिरची, कोणी आमसूल-खोबरे, कोणी नुसते जिरे. फोडणीला पाच मिनिटे लागतात. पथ्याच्या माणसाची डाळ मिठाआधीच काढून ठेवता येते. हिशेबही सोपा होतो : तांदूळ-डाळ सामाईक खर्चात, मांस-मच्छी-भाजी ज्याची त्याची.

पाळीचा तक्ता भिंतीवर लावायचा तर तो घड्याळाने लावून भागत नाही, नमाजच्या वेळांशी जोडावा लागतो. फजरनंतर, म्हणजे पहाटेच्या नमाजनंतर, हरमला जाणारे उशिरा परततात. काही जण इमारतीजवळच्या मशिदीत नमाज पढतात आणि लवकर मोकळे होतात. लवकर मोकळे होणाऱ्यांनी सकाळची पहिली पाळी घ्यावी आणि दूर जाणाऱ्यांनी मगरिब-ईशामधली, म्हणजे सूर्यास्ताच्या आणि रात्रीच्या नमाजांमधली. हजच्या मुख्य दिवसांच्या आसपास अझीझियातून हरमला जाणाऱ्या बसगाड्या काही दिवस थांबतात. त्या दिवसांत सगळेच इमारतीत असतात आणि स्वयंपाकघरावर सर्वांत जास्त ताण येतो. तक्ता करतानाच त्या दिवसांसाठी एक पाळी वाढवून किंवा एकाच भांड्यातल्या खिचडीचे दिवस ठरवून ठेवले, तर ऐनवेळी ओढाताण होत नाही.

उरलेले

थोरली : जास्तीचं करून ठेवलं तर दुसऱ्या दिवशीचा विस्तव वाचतो. हेही तुझ्या हिशेबात घे.

धाकटी : घेते. पण तिथलं ऊन हिशेबात घ्या तुम्हीही.

उरवून ठेवणे ही विस्तवाची खरी बचत आहे, पण मक्केच्या हवेत तिला मुदत आहे. हजच्या दिवसांत, १७ जून २०२४ रोजी, हरमच्या परिसरात ५१.८ अंश तापमान नोंदले गेले. शिजवलेले अन्न साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर तासाच्या आत थंड करावे, असा आहारसुरक्षेचा नियम आहे. भाताच्या बाबतीत तो आणखी काटेकोर पाळावा लागतो. भातात 'बॅसिलस सेरियस' नावाच्या जंतूची बीजे शिजल्यानंतरही टिकतात. भात कोमट राहिला की ती वाढतात आणि त्यांनी सोडलेले विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून उरलेला भात पातेल्यात झाकून ओट्यावर ठेवायचा नाही. परातीत पसरून निववायचा, उथळ डब्यात भरायचा आणि तासाच्या आत शीतकपाटात. डब्यावरची तारीख इथे कामाला येते : दुसऱ्या दिवशी संपला नाही तर तो टाकायचा.

थोरलीच्या बाजूने सांगायचे तर उरवणे पूर्ण सोडायचे कारण नाही. चटणी, भाजलेला रवा, सुके वाटण आणि कडक भाजलेली भाकर यांत पाणी नसते, म्हणून ती टिकतात. कोकणातल्या बेगमीतले बहुतेक जिन्नस वाळवलेले असतात, त्याचेही कारण हेच. ओले उरवायचे ते एका जेवणापुरते. सुके हवे तितके.

धूर, तेल आणि मिना

थोरली : पापलेट तळायचंच नाही मग?

धाकटी : दोन शेगड्यांच्या बंद खोलीत कढई चढवली तर मजलाभर धूर. मासे रश्शात टाका, भाबी. तळलेले बाहेरून आणू.

तळणावर दोघींचे एकमत लवकर झाले, कारण इथे प्रश्न चवीचा नसून आगीचा आहे. १५ एप्रिल १९९७ रोजी मिनाच्या तंबूंच्या वस्तीत स्वयंपाकाच्या गॅसमुळे आग लागली. सुमारे सत्तर हजार तंबू जळाले आणि अधिकृत आकड्यानुसार ३४३ यात्रेकरू मरण पावले. त्यानंतर मिनात न पेटणाऱ्या कापडाचे कायमचे तंबू आले आणि गॅसच्या शेगड्यांना बंदी झाली. अझीझियातल्या इमारतींत शेगडीबाबत जे नियम असतात, त्यांच्यामागे हा इतिहास आहे. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचे नाही, शेगडी बंद करून झाकण घालायचे आणि कढई जागची हलवायची नाही, हे स्वयंपाकघर वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावे. झाकण शोधावे लागू नये म्हणून ते कढईशेजारीच असावे. पंखा चालू आणि खिडकी उघडी असल्याशिवाय फोडणीही करू नये.

मिना, अराफात आणि मुजदलिफा या मुक्कामांत स्वयंपाकघर उरतच नाही. जेवण तिथल्या व्यवस्थेकडून मिळते, पण ते कधी उशिरा येते, कधी सोसत नाही. तेव्हा प्रत्येकाच्या पिशवीत एक डबा असतो आणि तो डबाच स्वयंपाकघर. त्यात काय भरायचे यावर जावांचा शेवटचा वाद झाला आणि लगेच मिटला. थोरलीने घरून आणलेले मेतकूट, चटणी आणि भाजलेले चणे काढले. धाकटीने बकालातून खजूर, लबनच्या बाटल्या आणि खुब्ज आणले.

मिनाहून अझीझियात परतल्यावर परतीच्या विमानाच्या तारखेप्रमाणे खोल्या एकेक करून रिकाम्या होतात. उरलेला तांदूळ, तेल, मीठ मागे राहणाऱ्यांच्या परातीत जाते, सामाईक कुकर शेवटच्या खोलीकडे. चिकटपट्ट्या काढून, शीतकपाट पुसून आणि सिलिंडरची चावी बंद करून स्वयंपाकघर इमारतीच्या माणसाच्या ताब्यात दिले की मुक्काम संपतो.